पेटारा चालतो आहे : पेडणे-डिचोलीतील दशावतारी कंपन्या

गोवा म्हटले की महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर प्रथम समुद्रकिनारा येतो, मग जुन्या गोव्याची चर्चे येतात आणि फार झाले तर मंगेशी-शांतादुर्गेची देवळे येतात. प्रवासी गाड्याही याच वाटेने फिरतात. परंतु गोव्याच्या उत्तरेला पेडणे आणि ईशान्येला डिचोली असे जे दोन तालुके आहेत, तेथे एखाद्या थंडीच्या रात्री मुक्काम केल्यावाचून या भूमीची खरी ओळख पटत नाही, असे माझे नम्र मत आहे. कार्तिक महिना लागला की या दोन तालुक्यांतील देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेबरोबर येतो तो ‘कालो’, म्हणजे दशावतारी नाटक. त्या नाटकाविषयी, आणि विशेषतः ते करणाऱ्या कंपन्यांच्या दीर्घायुष्याविषयी, चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत या हेतूने हा लेख लिहीत आहे.

पेडणे हा तालुका दोन नद्यांच्या मधोमध पसरला आहे. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. तेरेखोल ओलांडली की पलीकडे आरोंदे, सातार्डे ही सावंतवाडी तालुक्यातील गावे लागतात. नदी मधून वाहते, राज्याची हद्दही तिच्यावरूनच जाते; परंतु अलीकडच्या आणि पलीकडच्या बोलीत, सोयरिकीत आणि देवस्थानांच्या रीतिरिवाजांत फारसा भेद नाही. याला इतिहासही कारण आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीच्या प्रदेशांत सोळाव्या शतकापासून देवळे पाडली गेली आणि हिंदूंच्या सार्वजनिक उत्सवांवर बंदी आली. डिचोली आणि पेडणे मात्र पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर १७८८ साली सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेले. तोपर्यंत धर्मांतराचा जुना आवेश ओसरला होता. त्यामुळे नव्या काबिजादीतील देवळे, पालख्या, भजने आणि जत्रा टिकून राहिल्या. राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत चालला, घरातील बोलणे कोकणीत चालले. परंतु देवळाच्या मंडपातील कीर्तन, भजन आणि नाटक मराठीतच राहिले.

डिचोलीची भूमी पेडण्याहून निराळी. येथे समुद्र नाही. टेकड्या, कुळागरे, मयेचे तळे आणि साखळीच्या वाळवंटी नदीचा काठ आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली केला, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच डिचोलीच्या टेकड्यांतून पुढे लोहखनिज निघाले आणि माणसांच्या जगण्याची चाल बदलली. दोन्ही तालुक्यांना जोडणारा एक गोड धागा लोककथेत आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि पेडण्यातील मोरजीची मोरजाई या बहिणी-बहिणी आहेत, असे येथे मानतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीलाही त्यांतलीच एक बहीण समजतात. देव असे नात्यागोत्याने बांधलेले. मग त्यांच्या अंगणात खेळणारे नाटकवालेही सर्वांचेच असावेत, यात नवल नाही.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याचे रूप थोडक्यात सांगतो. जत्रेच्या रात्री ओट्या भरून होतात, पालखी देवळाभोवती फिरते, बाहेर खाज्याची आणि अबोलीच्या वळेसरांची दुकाने गजबजलेली असतात. मध्यरात्रीच्या सुमारास पालखी स्थानापन्न झाली की मंडपात मृदंगावर थाप पडते. रंगमंच म्हणावा तर काहीच नाही. एक लाकडी बाकडे असते. तेच इंद्राचे सिंहासन, तेच ऋषीचे आसन आणि प्रसंग पडल्यास तोच पर्वत. एका बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज घेऊन तिघे बसतात. प्रथम गणपती येतो, त्याच्याबरोबर ऋद्धि-सिद्धी. पूजा सांगायला भटजी येतो. मग सरस्वती, ब्रह्मदेव, विष्णू आणि वेद पळवणारा काळ्या वेशातला संकासुर. हा झाला आडदशावतार. त्यानंतर पुराणातील एखादे आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. शेवटी दहीकाला होतो, आणि त्यावरूनच सगळ्या खेळाला ‘काला’ हे नाव पडले आहे.

या नाटकाची संहिता लिहिलेली नसते, ही गोष्ट परगावच्या पाहुण्यास खरी वाटत नाही. कंपनीचा प्रमुख रंगायला बसलेल्या नटांना त्या रात्रीचे आख्यान आणि प्रत्येकाची भूमिका सांगतो. कोणाचा प्रवेश कोणानंतर, कोठे युद्ध, कोठे वरदान, एवढा सांगाडा ठरतो. बाकीचे संवाद जागच्या जागी सुचतात. पदे मात्र परंपरेने आलेली असतात. त्यांना नाट्यसंगीताच्या चालींचा साज पुष्कळदा चढवलेला असतो. राजा पद उचलतो, पायपेटीवरचा सूत्रधार त्याला सूर देतो, मृदंगी लय धरतो, आणि पुढे बसलेली म्हातारी माणसे मान डोलावतात. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी हे सारे उघड्या मंडपात, जत्रेच्या गलबल्यात, नुसत्या गळ्याच्या बळावर चालत असे. दशावतारी नटाचा आवाज जरा चढा आणि ठसठशीत का असतो, याचे कारण येथे सापडते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. या कंपन्यांची नावे वाचकांनी लक्षपूर्वक पाहावीत : वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर, पार्सेकर. ही सारी नावे गावांवरून आलेली आहेत. वालावल, मोचेमाड, आजगाव, खानोली, चेंदवण ही सिंधुदुर्गातील गावे. आणि पार्सेकर हे नाव वेंगुर्ल्याच्या कंपनीचे असले तरी ते आमच्या पेडण्यातील पार्से गावाची आठवण करून देते. यांतील परंपरागत कंपन्या पिढ्यान् पिढ्या त्याच नावाने चालत आल्या आहेत. आजोबांनी ज्या नावाची कंपनी पाहिली, त्याच नावाची कंपनी नातू पाहतो. परंतु आजोबांनी पाहिलेल्या नटांपैकी आज कोणी हयात नसतो. सारी माणसे बदललेली असतात, आणि तरीही गावकरी म्हणतात की ‘आपली’ कंपनी आली.

हे कसे घडते? पहिले कारण म्हणजे नेमलेली रात्र. अमुक देवळाच्या जत्रेला अमुक कंपनीने खेळ करायचा, हा मान परंपरेने ठरलेला असतो. त्यामुळे कंपनीच्या वर्षाचे गणित पंचांगावर चालते. तुळशीच्या लग्नापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत या गावातून त्या गावात अखंड फिरती असते. नट आजारी पडो, वृद्ध होवो, निवर्तो. ती तिथी थांबत नाही आणि कंपनीला जावेच लागते. एखाद्या नटाचे कौतुक गाव करते, पण वाट पाहते ती कंपनीची.

दुसरे कारण म्हणजे पेटारा. वेषभूषा, मुकुट, शस्त्रे आणि गणपतीचा मुखवटा ज्यात ठेवतात तो पेटारा म्हणजे कंपनीचे देवघरच. पूर्वी मोटारी नव्हत्या तेव्हा हे ओझे डोक्यावर घेऊन नटमंडळी डोंगरवाटांनी पुढच्या गावाला चालत जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच निघाली. रात्री ज्याने इंद्रपद भोगले, त्याने सकाळी पेटाऱ्याला खांदा द्यायचा, यात कोणाला कमीपणा वाटत नसे. मोठा नट आणि धाकटा नट यांच्यामधील अंतर रोज सकाळी असे मोडले जात होते, आणि मला वाटते, एकत्र राहण्याचे ते मोठे औषध होते.

तिसरे कारण शिक्षणाचे आहे, आणि शाळामास्तर या नात्याने ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दशावतारात प्रवेशपरीक्षा नाही आणि अभ्यासक्रमही नाही. पोरगा कंपनीत येतो तो प्रथम पडेल ते काम करतो. मग एखाद्या रात्री तोंडाला रंग लावून किरकोळ भूमिकेत उभा राहतो. आवाज कोवळा असेल तर त्याला स्त्रीपार्ट मिळतो. पुढे अंग भरले की राजपार्ट किंवा दैत्य. आणि उतारवयात ऋषी किंवा भटजी. एकाच आयुष्यात माणूस राणीही होतो, राजाही होतो आणि शेवटी त्या दोघांना उपदेश करणारा मुनीही होतो. शंभर-दीडशे रात्री जवळून ऐकलेले संवाद त्याच्या रक्तात उतरतात. जुना नट जागा सोडतो तेव्हा त्याच्या शेजारी दहा वर्षे उभा असलेला दुसरा तयार असतो.

या परंपरेचे वय किती, हा प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिला आहे. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास कर्नाटकातून हा खेळ कोकणात आणला, असे परंपरेने सांगतात. परंतु समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, आणि दासबोध त्याच्याही आधीच्या शतकातला. तेव्हा १७२८ हा आरंभ नसून एखादा नवा बहर असावा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतो. त्या वर्षी आमच्या परिसरातील देवळांच्या मंडपांत वेद पळवणाऱ्या संकासुराला पाहून पोरे केव्हाच हसत होती.

येथे एक तुलना मनात येते. संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात किती नामांकित नाटक मंडळ्या झाल्या! बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. मंगेशीचे सुपुत्र मास्टर दीनानाथ यांची बलवंत संगीत मंडळी १९१८ सालची. मखमली पडदे, अत्तरे, भरजरी शालू आणि रात्र रात्र गाजणारी पदे, असे ते दिवस होते. परंतु बोलपट आले, कर्जे वाढली आणि या दोन्ही मंडळ्या १९३० नंतरच्या काही वर्षांतच मिटल्या. त्यांचे सारे तेज एका सूर्यावर अवलंबून होते. १९०८ साली केशवराव भोसले यांनी काढलेली ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकर आणि पुढे भालचंद्र पेंढारकर यांनी हाती घेतली, म्हणून तिचे नाव संस्थापकाच्या अकाली मृत्यूनंतरही अनेक दशके चालले. वारसा देणारा आणि घेणारा असे दोघेही लागतात. एकाच्या प्रतिभेवर संस्था उभी राहते, पण टिकते ती दुसऱ्याच्या निष्ठेवर.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशातली नव्हे. अमेरिकेत रॉक अँड रोलच्या काळात गायकवृंदांची मोठी लाट आली होती. चार-पाच तरुण एकत्र येत, एक पुढे गाई आणि बाकीचे मागून सूर भरीत. त्यांतील ‘द ड्रिफ्टर्स’ हा वृंद १९५३ साली क्लाइड मॅकफॅटर या गायकाभोवती उभा राहिला. काही वर्षांत तो निघून गेला. परंतु नावाचा मालक होता जॉर्ज ट्रेडवेल नावाचा व्यवस्थापक. १९५८ साली त्याने सगळ्याच गायकांना एकदम काढून टाकले आणि ‘फाइव्ह क्राउन्स’ या दुसऱ्याच वृंदाला ते नाव देऊन टाकले. त्या नव्या मंडळींत बेन ई. किंग होता आणि १९५९ पासून त्यांची गाणी पूर्वीपेक्षाही गाजली. पुढे कित्येक गायक आले आणि गेले, नाव मात्र दशकानुदशके राहिले. वरकरणी पाहता हे आमच्या कंपन्यांसारखेच वाटेल. फरक एवढाच की तेथे नाव ही एका माणसाची मालमत्ता होती. त्याने ते एकांकडून काढून दुसऱ्यांना दिले. आमच्याकडेही कंपनीला मालक असतो, हिशेब असतो, भांडणेही असतात. परंतु मालकाने उद्या सारे नट बदलून अनोळखी माणसे उभी केली, तर जत्रेतली म्हातारी त्यांना ओळखणार नाही. जो कंपनीत राहून शिकला, पेटाऱ्याखाली ज्याचा खांदा झिजला, त्यालाच ते नाव शोभते असे गाव मानते. नावावर येथे गावाचाही हक्क असतो.

भाषेच्या दृष्टीनेही या कंपन्यांचे आमच्या तालुक्यांवर मोठे ऋण आहे. दशावतारात देव, राजे आणि ऋषी शुद्ध ग्रांथिक मराठी बोलतात. संकासुर मात्र गावच्या बोलीत बोलतो आणि सगळ्या देवांची टोपी उडवतो. एकाच मंडपात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. पोर्तुगीज अमदानीत जेव्हा मराठी शाळा विरळ होत्या, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या कानांवर ‘हे नाथ’, ‘आर्यपुत्र’, ‘तथास्तु’ हे शब्द दर हिवाळ्यात पडत राहिले. मी सरकारी शाळेत मराठी शिकवतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वर्गातील निम्मे बाक रिकामे असतात आणि जी मुले येतात ती पेंगत असतात. त्याबद्दल रागावण्याचे मी कधीच सोडून दिले आहे. कारण त्याच मुलांच्या निबंधांत ‘प्रधानजी, राज्याची हालहवाल कथन करा’ अशा थाटाचे वाक्य अचानक उमटते, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेले नसते.

परंतु कौतुक करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गेल्या काही वर्षांत या खेळाचे रूप झपाट्याने पालटत आहे. पहाटेपर्यंत चालणारा काला आता पुष्कळ ठिकाणी तीन-चार तासांच्या नाटकावर आला आहे. आडदशावतार आवरता घेतला जातो, कधी गाळलाही जातो. रात्री १० नंतर ध्वनिवर्धकास मनाई करणारे नियम २००० साली आले. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग आहे हे मान्य केले, तरी मध्यरात्री सुरू होणाऱ्या खेळापुढे त्यांनी पेच उभा केला, हेही खरे. धूर, उजेड आणि उडणारी राक्षसांची मुंडकी दाखवणारी ‘ट्रिकसीन’ नाटके गर्दी खेचतात. त्यांचा मला तिटकारा नाही. पूर्वीच्या नटांनीही नाट्यसंगीताच्या चाली उचलल्याच होत्या. जिवंत कला नव्याला हात लावतेच.

माझी खरी काळजी ‘संयुक्त दशावतारा’ची आहे. निरनिराळ्या कंपन्यांतील नामवंत नट वेचून त्यांचा एक रात्रीचा खेळ लावायचा, अशी ही पद्धत. रसिकांना एकाच मंडपात गाजलेला राजपार्ट आणि गाजलेला स्त्रीपार्ट पाहायला मिळतो, नटांना बिदागी चांगली मिळते. कोणत्याही नटाने अधिक पैसे मिळवू नयेत, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. आयुष्यभर रात्री जागून म्हातारपणी रिकाम्या हातांनी घरी बसलेले कलावंत या पट्ट्यात थोडे नाहीत. पण अशा खेळात शिकाऊ पोराला जागा कोठली? तेथे सर्वजण तयार नट, आणि खेळ संपला की जो तो आपापल्या वाटेने जाणार. झाडावरची पिकली फळे एका टोपलीत छान दिसतात; टोपलीतून मात्र नवे फळ येत नाही. गाव जर नटाच्या नावाने जमू लागले आणि कंपनीच्या नावाने जमेनासे झाले, तर आज ज्यांची कीर्ती आहे त्यांच्यानंतर मृदंगावर थाप पडेल तेव्हा प्रवेश कोण करील?

परिस्थितीही साथ देत नाही. पेडण्यातील मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जमिनीचे भाव व तरुणांच्या आकांक्षा दोन्ही वर गेल्या. डिचोलीत २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कित्येक घरांचे उत्पन्न थांबले आणि देवस्थानांच्या वर्गणीवरही त्याचा परिणाम झाला. सरकारी मराठी प्राथमिक शाळांतील पट घसरत चालला आहे. ग्रांथिक मराठी कानाला परकी वाटू लागलेला प्रेक्षक राजाचे स्वगत किती वेळ ऐकेल, हा प्रश्न मला नाटकवाल्यांपेक्षा आम्हा शिक्षकांना विचारावासा वाटतो.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. २०२५ साली ‘दशावतार’ या नावाचाच चित्रपट आला. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी वृद्ध दशावतारी कलावंत उभा केला, आणि ज्यांनी कधी काला पाहिला नव्हता असे शहरी लोकही त्याविषयी बोलू लागले. कॉलेजात शिकणारी, दिवसा नोकरी करणारी मुले रात्री तोंडाला रंग लावताना मी पाहतो. डोक्यावरचा पेटारा आता टेंपोत चढला आहे, पण तो उचलायला अजूनही दोन हात पुढे होतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या गोष्टीतील मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावातील गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, वाचनालय ज्यांनी सुरू केले, त्यांच्यापैकी आज कोण उरले आहे? तरी मंडळ चालते, कारण कोणी तरी पेटीवर बसणाऱ्याच्या शेजारी लहान मुलाला झांज देऊन बसवले होते. जेथे ते झाले नाही, तेथे सुरेल गळे असूनही मंडळ बंद पडले असेल.

म्हणून एक विनंती. गोव्याला येण्याचा बेत असेल तर तो मार्गशीर्ष-पौषात आखावा. पंचांग पाहून, एखाद्या ओळखीच्या माणसास विचारून, पेडणे किंवा डिचोलीतील जत्रेची तिथी गाठावी. अंगावर शाल घ्यावी, जमिनीवर बसण्याची तयारी ठेवावी आणि निदान संकासुर येऊन जाईपर्यंत उठू नये. बरोबर मुले असतील तर त्यांना पुढे बसवावे. आणि जमल्यास रंगपटाच्या कडेला उभ्या असलेल्या, अजून मिसरूडही न फुटलेल्या त्या पोराकडे लक्ष द्यावे. राजाच्या तोंडचे वाक्य संपण्याआधीच त्याचे ओठ हलत असतात.